नॉक्ड अप : हसा खुशाल, पण फावला वेळ कोणाकडे आहे ते बघा

पहिलंच सांगून टाकते, पिक्चर नवीन नाहीये. जून २००७ मध्ये अमेरिकेत आला आणि मी तो तेव्हाच मैत्रिणीच्या लॅपटॉपवर बघितला होता, प्रिंट इतकी भंगार की मध्येच कोणीतरी पडद्यासमोरून उठून जाताना दिसायचं, तरी पोट दुखेपर्यंत हसले होते. आता एवढ्या वर्षांनी परत बघायचं कारण म्हणजे घरात त्याच्यावरून झालेलं भांडण. मावसबहीण म्हणाली हा पिक्चर म्हणजे गर्भपाताच्या विरोधातला प्रचार आहे, विनोदाचा मुलामा दिलेला. धाकटा दीर उसळलाच, म्हणाला काहीतरीच काय ताई, दिवसभर गांजा ओढणारी पोरं, तोंडात शिव्यांशिवाय शब्द नाही, आणि हा म्हणे संस्कारी प्रचार, असल्या पिक्चरांनीच तर घरं मोडायची फॅशन आणली. नवरा म्हणाला अरे कॉमेडी आहे, हसा आणि सोडा ना. आणि मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात पिक्चरवर लिहायची खाज मलाच आहे.

तर हा तो निकाल. आधीच सांगते, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि तिघंही चुकीच्या ठिकाणी बघतायत.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट पटकन. अ‍ॅलिसन (कॅथरीन हायगल) टीव्ही चॅनलमध्ये नोकरीला, फिल्मस्टार लोकांच्या बातम्या देणारं चॅनल, तिला प्रमोशन मिळतं, आता ती कॅमेऱ्यासमोर येणार. ते साजरं करायला ती बहिणीबरोबर म्हणजे डेबीबरोबर क्लबमध्ये जाते. तिथे भेटतो बेन (सेथ रोगन). हा काही करत नाही. काही म्हणजे काहीच नाही. टपालखात्याच्या गाडीखाली पाय आला होता, त्याची जी भरपाई मिळाली त्याच्यावर वर्षानुवर्षं काढतोय, आणि चार मित्रांबरोबर एक वेबसाइट काढतोय, ज्यात कुठल्या पिक्चरमध्ये कुठली नटी किती मिनिटं किती सेकंदांनी कपड्यांशिवाय दिसते ते लिहून ठेवायचंय. दोघं भरपूर पितात, रात्र एकत्र काढतात, निरोधाच्या बाबतीत अंधारात एक गैरसमज होतो, आणि आठ आठवड्यांनी अ‍ॅलिसन एका हिरोची मुलाखत घेता घेता ओकायला पळते. बाकी सगळा पिक्चर म्हणजे या दोन अनोळखी माणसांचं आईबाप होणं, आणि बाजूला डेबी आणि तिचा नवरा पीट (पॉल रड) यांचा दोन मुलींचा संसार, जो बघून कोणाचीही लग्नाची हौस फिटावी.

लेखक-दिग्दर्शक जड अपाटो. डेबी झालीय ती लेस्ली मॅन, म्हणजे त्याची खरी बायको, आणि दोन मुली त्याच्याच खऱ्या मुली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता मावसबहिणीचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात जड आहे. कॅलिफोर्नियात, २००७ साली, नोकरीत नुकती वर चढलेली मुलगी, मूल कोणाचं तर ज्याचं आडनावही धड माहीत नाही अशाचं, आणि ती ते ठेवायचं ठरवते. ठरवू दे ना, तिची मर्जी. पण ती ठरवताना आपल्याला दिसतच नाही हो! एक सीन आहे आईबरोबर जेवणाचा, आई कोरडेपणाने सांगते की निस्तरून टाक हे, तुझ्या सावत्र बहिणीनेही असंच केलं होतं आणि आता बघ तिला ‘खरं’ बाळ आहे. दुसरीकडे बेनच्या मित्रांची एक बैठक आहे, त्यात एक जण गर्भपात हा शब्दच उच्चारत नाही, त्याच्याशी यमक जुळणारा काहीतरी वेडावाकडा शब्द बनवून सुचवतो, आणि दुसरा लगेच दुखावतो. की झालं, पुढच्या फोनवर अ‍ॅलिसन सांगते मी ठेवतेय. मधला तिचा विचार, तिची भीती, नोकरीचं गणित, सगळं कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी झालं.

आणि गंमत बघा कशी. मूल नको म्हणणारी जी एकच मोठी बाई आहे, तिला थंड, तुसडी दाखवलीय. बेनचा बाप मात्र (हॅरॉल्ड रॅमिस, काय गोड काम केलंय) आजोबा होणार म्हणून खुलून जातो, त्याला बघून आपल्यालाच वाटतं अरे असा बाप पाहिजे. म्हणजे पिक्चर कोणाला वाईट म्हणत नाही, भाषण देत नाही, फक्त ऊब एका बाजूला ठेवतो आणि गारठा दुसऱ्या बाजूला, की आपण आपोआप उबेकडे सरकतो. प्रचार म्हणायचं तर याला म्हणा, हा भाषणापेक्षा जास्त चालतो. एवढं मी मावसबहिणीला देते.

पण दुसरी बाजूही ऐक बाई. तिने तिसऱ्या रिळातच दवाखान्यात जाऊन यायचं ठरवलं असतं तर पिक्चर तिथेच संपला असता, बेन आयुष्यभर वेबसाइटच करत बसला असता. या जातीच्या गोष्टीला एक अडकवणारी गाठ लागते. पूर्वी ती गाठ चुकून लागलेलं लग्न असायची, किंवा पावसात एकाच खोलीत काढायला लागलेली रात्र, इथे पोट आहे. त्याच वर्षी आलेल्या जूनोमध्येही हीच गाठ होती, पण तिथली शाळकरी पोरगी निदान क्लिनिकपर्यंत जाते, आत जाते, आणि मग परत फिरते. सोळा वर्षांच्या पोरीला जेवढा सीन मिळाला तेवढाही आमच्या कमावत्या अ‍ॅलिसनला नाही.

आणि हे सगळं आता बघताना वेगळंच वाटतं, ते टाळता येत नाही. २००७ मध्ये तिथे गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल लागू होता, म्हणजे तिला निवड होती आणि म्हणून पिक्चरला ती निवड टाळून पुढे जाणं परवडलं, प्रेक्षकांनीही फार मनावर घेतलं नाही. जून २०२२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि आता बऱ्याच राज्यांमध्ये ही निवडच राहिलेली नाही. तोच सीन, तीच आई, तेच संवाद, पण आता आईचं बोलणं मला तेवढं तुसडं वाटलं नाही. मला वाटलं ही बाई घाबरलीय पोरीसाठी. पिक्चर बदलला नाही, बाहेरचं बदललं.

आता दीर. त्याचं म्हणणं की घाणेरडा पिक्चर म्हणजे बिघडवणारा पिक्चर. अरे बाळा, उलटं आहे. अमेरिकेत पूर्वी प्रॉडक्शन कोड नावाची भानगड होती, म्हणजे पिक्चरमध्ये काय दाखवायचं आणि काय नाही याचे नियम, १९३४ पासून तो कडक पाळायला लागायचा आणि थेट १९६८ मध्ये जाऊन त्याच्या जागी वयानुसार रेटिंग आलं. त्या कोडच्या जमान्यात पडद्यावरचे नवराबायकोसुद्धा बरेचदा दोन वेगळ्या पलंगांवर झोपायचे. आता या पिक्चरला तर मोठ्यांचं आर रेटिंग, कोणी हात धरलेला नाही, सगळ्या शिव्या आहेत, सगळे धंदे आहेत, बाळंतपणाच्या सीनला कॅमेरा जिथे जायला नको तिथेही जाऊन येतो, आणि एवढी मोकळीक असून पिक्चर शेवटी काय करतो? मूल ठेवतो, पोराला नोकरीला लावतो, घर भाड्याने घेऊन देतो, आणि दोघांना गाडीत बसवून बाळासकट घरी पाठवतो. तो जुना कोड लिहिणारे म्हातारे हे बघायला असते तर शिव्यांच्या वेळी कानात बोटं घातली असती आणि शेवटाला टाळ्या वाजवल्या असत्या. सगळे शब्द बोलतो फक्त एक सोडून, तो एक यमक जुळवून बोलतो.

म्हणजे कपडे आणि शिव्या बघून पिक्चरचा विचार ओळखू नका. तोंड फाटकं असलेला माणूस मनाने जुन्या वळणाचा असू शकतो, असा एखादा काका प्रत्येक खानदानात असतोच.

नवऱ्याचं म्हणणं हसा आणि सोडा. याला उत्तर खुद्द हिरॉइननेच दिलंय. पिक्चर तुफान चालला, सुमारे ३ कोटी डॉलरमध्ये बनला आणि जगभरात २० कोटींच्या वर धंदा, कॅथरीन हायगल एका झटक्यात वरच्या रांगेत, आणि त्यानंतर काही महिन्यांनी एका मोठ्या मासिकाच्या मुलाखतीत तिने सांगितलं की पिक्चर जरासा बायकांच्या विरोधातलाच आहे, बायका सगळ्या कजाग, विनोदाचं अंग नसलेल्या, ताठलेल्या, आणि पुरुष कसे गोड, वेंधळे, मजा करणारे. झालं! तिच्यावर जे तुटून पडले लोक. कृतघ्न काय, नखरेल काय. रोगन आणि अपाटो दोघांनाही ते लागलं, नंतर त्यांनी ते बोलूनही दाखवलं. (गंमत म्हणजे २००९ मध्ये तिने जो द अग्ली ट्रुथ केला तो बायकांच्या बाबतीत याच्याहून गेलेला, पण ते जाऊ दे, माणूस स्वतःच्या पोटापाण्याच्या बाबतीत असाच असतो.)

तर तिचं बरोबर की चूक? यावेळी मी वही घेऊन बसले होते, हसू नका, खरंच. आणि मला वाटतं तिचं बरोबर आहे पण तिने दुखणं सांगितलं, कारण नाही सांगितलं. बायका ताठलेल्या आहेत, मान्य. पण का आहेत? कारण अख्ख्या पिक्चरमध्ये काम फक्त त्यांनाच आहे.

मी साधी गोष्ट केली, प्रत्येक सीनला बघितलं की कोणाकडे आत्ता फावला वेळ आहे. विनोद कोण करतोय ते नाही, नीतिमत्ता कोणाची ते नाही, फक्त वेळ. आणि एकदा असं बघायला लागलं की पिक्चर दुसराच दिसायला लागतो.

सुरुवातच घ्या. क्लबमध्ये दोघी बहिणी मजेत आहेत, आणि घरून पीटचा फोन येतो, मुलीला बरं नाही. डेबी उठून जाते. पीट घरी आहे ना, बाप आहे ना, पण उठायचं डेबीने. अ‍ॅलिसन एकटी राहते म्हणून बेनबरोबर बसते. म्हणजे या सगळ्या गोष्टीची सुरुवात निरोधापासून नाही, एका आईची संध्याकाळ अर्ध्यात तुटण्यापासून आहे. हे मला पहिल्या वेळी अजिबात दिसलं नव्हतं, तेव्हा मला पोरं नव्हती.

बेन आणि मंडळींकडे वेळच वेळ. त्यांच्यातल्या एकाने दाढी करायची नाही अशी पैज लावलीय, बाकीचे दिवसभर त्या दाढीवरून त्याला छळतात, बस, हाच दिवस. त्यांचं तथाकथित कामसुद्धा काय आहे, तर बायका किती सेकंद उघड्या दिसतात ते घड्याळ लावून मोजणं. घड्याळाचा याच्याहून चांगला उपयोग कोणालाच सुचला नाही. आणि मग कळतं की अशी साइट तर आधीच अस्तित्वात आहे, त्यांचं तोंड बघण्यासारखं होतं तेव्हा. मी यावेळीही हसले, खोटं कशाला बोलू.

अ‍ॅलिसनच्या ऑफिसमध्ये काय? प्रमोशन देतानाच वरिष्ठ सांगतात की वजन कमी कर असं आम्ही कायद्याने म्हणू शकत नाही, पण जरा आटोपशीर झालीस तर बरं. क्रिस्टन विगने त्या वरिष्ठांमधल्या जळकुट्या बाईचं काम इतकं सुंदर केलंय की तिच्यासाठी वेगळा स्टार. म्हणजे अ‍ॅलिसनचा रिकामा वेळही जिमच्या नावाने लिहून दिलेला. पुढे पोट दिसायला लागल्यावर ते लपवायची कसरत वेगळीच.

आता पीट. पीट घरातून सारखा गायब. रात्री काम आहे म्हणतो. डेबीला संशय की बाई आहे. ती पत्ता शोधून काढते, गाडी काढून अ‍ॅलिसन आणि बेनला घेऊन तिथे पोचते, घरात घुसते, आणि आत काय, तर पीट मित्रांबरोबर बसून कागदावरच्या बेसबॉल टीमसाठी खेळाडू निवडतोय! खोट्या टीमचा खोटा लिलाव. हा पिक्चरमधला सगळ्यात मोठा जोक आहे आणि मला वाटतं सगळ्यात मोठं सत्यही हेच आहे. पीट सांगतो की मला कधीकधी एकटं राहायला लागतं, परवा मी एकटाच स्पायडरमॅन ३ बघून आलो. आणि डेबी, जी आत्तापर्यंत चंडिका झालेली असते, एकदम बारीक आवाजात सांगते की मलाही आवडतो की स्पायडरमॅन. तो म्हणतो बरं, मग जाऊ या पुढच्या आठवड्यात. पण तिला आता तसं जायचं नाहीये, त्याला स्वतःहून वाटायला हवं होतं.

मी पॉज केला इथे.

पहिल्यांदा बघितला तेव्हा सगळे पीटच्या बाजूने हसत होतो, काय बिचारा, बायको किती मागे लागते. आता बघितलं तर हा माणूस घरातून वेळ चोरतोय, आणि चोरलेला वेळ येतो कुठून, तर तिच्या वाटणीतून. तो दोन तास खेळाडू निवडतो म्हणजे ती दोन तास मुलींपाशी आहे. बाई असती तर निदान रागवायला सोपं होतं. डेबीचं म्हणणं तेच आहे, की हे लफड्यापेक्षा वाईट आहे, आणि पिक्चरमध्ये ते अतिशयोक्ती म्हणून येतं, हसायला, पण ज्या बाईने रविवारची दुपार कधी एकटीने काढली नाही तिला ते अगदी शब्दशः पटेल.

आणि मग तो क्लबच्या दारातला सीन. दोघे पुरुष लास वेगासला निघून जातात, नशा करतात, हॉटेलच्या खोलीत पीट वेगवेगळ्या खुर्च्या बघून घाबरतो, रडतो की बायको माझ्यावर एवढं प्रेम करते आणि मला ते घेताच येत नाही. (पॉल रड खुर्च्यांच्या सीनला काय आहे राव.) त्याच रात्री इकडे दोघी बहिणी, एक आई, एक होणारी आई, नटून त्याच क्लबला जातात आणि दारावरचा माणूस त्यांना आत सोडत नाही. डेबी त्याच्यावर जो जाळ काढते तो काढते, आणि मग तो तिला बाजूला घेऊन हळूच सांगतो की तू सुंदर आहेस, पण माझा हुकूम आहे, तू वयाने जास्त आहेस आणि ती पोटुशी आहे, मी सोडू शकत नाही, मलाही हे काम आवडत नाही. क्रेग रॉबिन्सन, दोन मिनिटांचा रोल, पण पिक्चर तोच घेऊन जातो. डेबी मग रस्त्याच्या कडेला बसून रडते.

म्हणजे पुरुषांना मजेसाठी दुसरं शहर मोकळं आणि बायकांना स्वतःच्या गावातला दरवाजा बंद. हे मी सांगत नाहीये, पिक्चर स्वतः सांगतोय, एकाच रात्रीत दोन्ही दाखवून, आलटून पालटून. म्हणून मला हायगलबाईंपेक्षा थोडं वेगळं वाटतं. हा पिक्चर बायकांना हसतो, पण मधूनच त्याला स्वतःची लाज वाटते. आणि ती लाज नेमकी डेबीच्याच सीनला का वाटते, तर लिहिणाऱ्याची बायकोच तो रोल करतेय ना, घरी जाऊन तोंड दाखवायचं होतं त्याला. अ‍ॅलिसनच्या मागे असं कोणी नव्हतं, म्हणून तिला रागवायला सीन मिळाले, रागाचं कारण सांगायला नाही मिळाले. माझा हा तर्क आहे, पुरावा काही नाही, पण पुढचं बघा, २०१२ मध्ये अपाटोने याच्यापुढचा पिक्चर काढला दिस इज फॉर्टी, तो पीट आणि डेबीवर. बेन आणि अ‍ॅलिसन त्यात नाहीतच. त्यालाही माहीत होतं कोणत्या घरात जीव आहे.

आता शेवट, तिथे मात्र माझं आणि पिक्चरचं वाजतं. बेन सुधारतो. कसा सुधारतो, तर एका गाण्यात. नोकरी धरतो, वेगळी खोली घेतो, जी बाळंतपणाची पुस्तकं इतके महिने पिशवीतून बाहेर निघाली नव्हती ती वाचतो, गाणं संपलं, बाप तयार. तिकडे अ‍ॅलिसनचे नऊ महिने एकेक करून दाखवलेत, फुगलेले पाय, तुटलेली झोप, गाडीत डॉक्टरकडे जाताना झालेलं ते भयानक भांडण जिथे ती त्याला रस्त्यात उतरवून देते (टाळ्या). याचं एक गाणं, तिचे नऊ महिने. आणि हिशेब बरोबरीचा धरायचा.

त्यानंतर बाळंतपणाची खोली. ठरलेला डॉक्टर दुसऱ्या गावाला समारंभाला गेलेला, बेन त्याला फोनवर निरोप ठेवून जे काही सुनावतो ते ऐकण्यासारखं आहे. मग डेबी खोलीत शिरते तर बेन तिला बाहेर काढतो, ही आता माझी जागा आहे म्हणून. आणि डेबी, जिने अख्खा पिक्चर कोणाचं ऐकलं नाही, बाहेर येते आणि पीटला सांगते की मला हा आवडायला लागलाय, चांगला बाप होईल. हं. म्हणजे दटावणारा पुरुष मिळाला की बाई निवांत होते, असं का? इथे बघा, एक शिवी नाही, एक घाण जोक नाही, आणि माझ्या मते पिक्चरमधला सगळ्यात मागास विचार इथे आहे. मावसबहिणीने आईच्या सीनवर रान उठवलं, हा सीन तिच्या लक्षातही नव्हता. बरं, बाईचीही गंमत बघा, अख्खे नऊ महिने अ‍ॅलिसनच्या पाठीशी कोण होतं, राहायला जागा कोणी दिली, दवाखान्यात सोबत कोण गेलं, आणि ऐन वेळी बाहेर कोण? जाऊ दे.

मान्य करायला पाहिजे की बेन वाईट माणूस नाही. सेथ रोगनला बघून राग येत नाही हाच घोळ आहे. रिकामी अंगठीची डबी पुढे करून लग्नाचं विचारतो, अंगठी नंतर घेईन म्हणतो, आणि अ‍ॅलिसन नाही म्हणते, घाई नको म्हणते. हा सीन मला फार आवडला. लग्न न लावता पिक्चर संपवला हेही त्यातल्या त्यात शहाणपणाचं, दीराच्या संस्कारवाल्या हिशोबात तेवढं एक बसत नाही. बापाला बेन विचारतो की मी काय करू, तर बाप म्हणतो माझे तीन घटस्फोट झालेत, मला काय विचारतोस. असे प्रामाणिक तुकडे जागोजागी आहेत, म्हणून तर भांडायला मजा येते. ज्या पिक्चरमध्ये काहीच खरं नसतं त्याच्यावर कोणी घरात आवाज चढवून बोलत नाही.

काही फुटकळ सूचना. दोन तासांच्या वर आहे आणि वीसेक मिनिटं सहज कापता आली असती, विशेषतः मित्रांची बडबड, ती मंडळी जागेवर सुचेल ते बोलत सुटलीयत आणि एडिटरला कापायचा जीव झाला नाही असं सरळ दिसतं. सासूसासऱ्यांसमोर, आईवडिलांसमोर लावू नका, मोठ्या मुलांसमोर तर नकोच. दिवस गेलेल्या मुलीला शेवटची पंधरा मिनिटं दाखवू नका, मी एकीला दाखवली होती, ती अजून बोलून दाखवते. डोळे इंग्रजी सबटायटलवर ठेवा, कारण निम्मे जोक पुटपुटलेले आहेत. शेवटी नावं येताना बाळांचे फोटो येतात ते बघून जा, तेवढ्याने राग जरा उतरतो.

स्टार द्यायचे झाले तर विनोदाला चार, कामांना साडेचार, आणि विचाराचे स्टार मी देत नाही, दारावरच्या त्या माणसाला देते सगळे. मावसबहिणीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली तू मांडवली केलीस. दीर म्हणाला वहिनी तुम्ही पिक्चर जास्तच गंभीरपणे घेता. दोघांनीही अजून परत बघितलेला नाही.

आणि हो, मी हा पिक्चर तीन रात्रींत मिळून बघितला, धाकटी झोपल्यावर, तुकड्या तुकड्यांनी, दुसऱ्या रात्री तर स्पायडरमॅनच्या सीनलाच ती उठली, म्हणून तो पॉज. नवऱ्याने शनिवारी दुपारी सलग बघून टाकला. बघून झाल्यावर म्हणाला, मस्त आहे गं, पुढचा भाग पण लावू का आज रात्री? म्हटलं लाव की, ओटा आवरून, डबे भरून, हिला झोपवून ये, मी सोफ्यावर बसलेय तोपर्यंत. अजून लागलेला नाही पुढचा भाग.